घोड्याचं बोट

"टाके मोजा," मामी म्हणाल्या.

"बत्तीस."

"परत मोजा."

"एकतीस."

"मघाशी बत्तीस म्हणालात. एक कुठं गेला, चहा प्यायला?"

मी पोपट जगदाळे, वय अडतीस, एसटीचा ड्रायव्हर, घाटात समोरून ट्रक अंगावर आला तरी ज्याचा हात हलला नाही असा माणूस, भर दुपारी क्वार्टरच्या व्हरांड्यात पाटावर बसून सासूसमोर लोकरीचे टाके मोजत होतो. समोरच्या खोलीतला कंडक्टर मुलाणी मुद्दाम तीन वेळा बादली घेऊन नळावर गेला. नळाला पाणी नव्हतं.

आमच्या सातारा भागात जावयाला फार मान. सासूनं त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याला अरेतुरे करायचं नाही, तो नको म्हणाला तरी वाढायचं. गजरामामी हे सगळं पाळायच्या. डोक्यावर पदर घेऊन, 'जावईबापू' म्हणून, अत्यंत अदबीनं त्या माझी अब्रू काढायच्या.

आता ड्रायव्हरच्या हातात सुया का आल्या, ते सांगतो. त्या वर्षी चैत्रात सासुरवाडीच्या यात्रेला गेलो होतो. तिथून मोटारसायकलवरून परत येताना माझं उजवं मनगट मोडलं. गाडीवर मी आणि माझा मेहुणा उत्तम. उत्तम फौजेत होता, महिन्याच्या सुट्टीवर आला होता. सरळ रस्ता, ना वळण ना खड्डा, आणि गाडी जाऊन पडली चरीत. उत्तमचं कोपर खरचटलं. माझ्या मनगटात सळी घालावी लागली. चार दिवसांनी उत्तम सुट्टी संपवून लडाखला निघून गेला, आणि मी जाहीर केलं की या माणसाचं नाव माझ्या घरात कुणी घ्यायचं नाही.

सगळ्या डेपोला ही हकिकत पाठ होती, कारण ती मीच सांगत होतो. आणि सांगता सांगता कुठलीही हकिकत थोडी सुधारतेच. पहिल्या आठवड्यात उत्तम गाडी जोरात चालवत होता. दुसऱ्या आठवड्यात त्यानं बिडी पेटवायला हँडल सोडलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून त्यानं थोडी घेतलेली होती.

त्यातच जूनमध्ये मला दहा वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला. हात गळ्यात बांधलेला, प्लॅस्टरवर पोरांनी गणपती काढलेला, अशा थाटात मी स्टेजवर गेलो. साहेब म्हणाले, दोन शब्द बोला. मी म्हणालो, "दहा वर्षांत माझा एकच अपघात झाला. मी मेहुण्याच्या मागं बसलो." लोक दोन मिनिटं टाळ्या वाजवत होते. बायकांच्या रांगेत शालन, माझी बायको, खाली मान घालून बसली होती. ती उत्तमची थोरली बहीण. त्या श्रावणात तिनं पहिल्यांदाच भावाला राखी पाठवली नाही. माझ्यासाठी. मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं होतं.

प्लॅस्टर निघालं, पण बोटं वळेनात. सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिला आणि दिवसातून दोनशे वेळा दाबायला सांगितला. दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी तो मुलाणीच्या कुत्र्याला देऊन टाकला. त्यानं तो जास्त मनापासून दाबला. ऑक्टोबरात मेडिकल बोर्ड होतं. तिथं हात चालला तर स्टिअरिंग, नाहीतर शिपाई म्हणून साहेबांच्या टेबलावर पाण्याचे तांबे नेऊन ठेवायचे.

अशा वेळी गणपती उठल्यावर मामी आल्या. बरोबर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत पांढऱ्या-करड्या लोकरीच्या लडी.

"चेंडू दाबून काय निपजतं?" त्या म्हणाल्या. "हात हलवायचाच आहे तर काहीतरी तयार झालं पाहिजे."

मामींचे यजमान हवालदार होते. त्यांच्याबरोबर मामी सहा वर्षं हिमाचलात एका छावणीत राहिल्या होत्या आणि शेजारच्या पहाडी बाईकडून विणकाम शिकून आल्या होत्या. पण आता त्यांच्या बोटांच्या सांध्यांना गाठी आल्या होत्या. सुई धरली की हात कापायचा.

"बोटं तुमची, डोकं माझं," त्या म्हणाल्या. "जमेल. डोकं तुम्हाला लागणारच नाही."

मी चिडलो, पण बसलो. खरं सांगायचं तर मला पाण्याच्या तांब्यांची भीती वाटत होती.

पहिले चार दिवस मी फक्त गुंता केला. सुलट टाका उलट पडायचा, उलट टाका पडायचाच नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नुसती पाहुण्यासारखी बसून असायची. मामी त्यांच्यावर नजर ठेवून असायच्या. "धागा करंगळीवरून घ्या. तिला फुकट बसवू नका." पाचव्या दिवशी एक ओळ नीट आली. मी ती शालनला दाखवली, मुलाणीला दाखवली, कुत्र्यालाही दाखवली असती.

विणायचा होता हातमोजा, तोही पाच बोटांचा नव्हे. सगळी बोटं एकाच पिशवीत आणि अंगठा तेवढा वेगळा. पण तो वाढता वाढता एवढा मोठा झाला की मला शंका यायला लागली.

"मामी, हे हातमोजे आहेत की बैलाच्या मुसक्या?"

"आटणार आहेत."

"कोण, बैल?"

"लोकर. खरी मेंढीची लोकर गरम पाण्यात घालून बडवली की आटते, घट्ट होते. मग वारा आत शिरत नाही आणि बर्फ वर चिकटत नाही. बाजारातली ती चकचकीत लोकर उकळून काढली तरी ढिम्म राहते. ती प्लॅस्टिकची."

"आणि हे घालणार कोण?"

"ज्याचे हात गारठतात तो. विणा."

मी समजलो, माझ्या व्यायामासाठी काहीतरी निमित्त. दोन आठवड्यांत डावा मोजा झाला. तोवर मी चहाचा कप उजव्या हातानं धरायला लागलो होतो, शर्टाची बटणं लावायला लागलो होतो. मुलाणीनं बादली घेऊन नळावर जाणं सोडलं. उलट एकदा येऊन बसला आणि विचारून गेला की बायकोच्या नकळत स्वेटर शिकता येतो का.

मग उजवा घेतला. मनगटाची पट्टी झाली, अंगठ्याची जागा झाली. आणि एका दुपारी मामी म्हणाल्या, "आता सात टाके बाजूला काढा. पिनेत अडकवून ठेवा."

"डाव्याला नव्हते काढले."

"डाव्याला लागत नाहीत. उजव्याला एक बोट वेगळं करायचंय."

"कुठलं?"

मामींनी उजव्या हाताची तर्जनी वर केली आणि हवेत हळूच वाकवली.

"घोड्याचं," त्या म्हणाल्या.

मला एक क्षणभर खरा घोडाच दिसला. मग कळलं. बंदुकीचा घोडा. तो दाबायला हातमोजा काढावा लागला तर लडाखच्या थंडीत बोट लोखंडाला चिकटतं, म्हणून फौजी माणसाला ते एकच बोट वेगळं लागतं.

"हे उत्तमचे आहेत," मी म्हणालो.

"हो."

"माझा हात मोडला त्यानं, आणि त्याच हातानं मी त्याला मोजे विणतोय."

मी सुई खसकन ओढून काढली आणि धागा धरून हिसका दिला. आठ-दहा ओळी सर्रकन उसवल्या. महिनाभर शिकलेला माणूस उसवतो मात्र फार सफाईनं.

"संपलं का?" मामींनी विचारलं. त्यांनी उसवलेला धागा उचलला आणि वाकड्या बोटांनी गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळता गुंडाळताच त्या बोलत होत्या, आवाज न चढवता.

"यात्रेच्या दिवशी तुम्ही दोघं निघालात, तेव्हा मी एकटीच दशम्यांचं गाठोडं घेऊन फाटकाशी आले होते. आठवतंय?"

"आठवतंय."

"पुढच्याचे हात हँडलवर होते. म्हणून मी गाठोडं मागं बसलेल्याच्या मांडीवर ठेवलं." त्या थांबल्या. "कुणाच्या मांडीवर ठेवलं, जावईबापू?"

चांगल्या चार-पाच गोष्टी सांगता आल्या असत्या. अर्ध्या वाटेत आम्ही जागा बदलल्या, असंही म्हणता आलं असतं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, त्या लोकरीकडे बघत होत्या, आणि न बघणाऱ्या माणसाला थाप मारणं फार अवघड जातं.

गाडी मी चालवत होतो. रस्ता मोकळा होता, हवा छान होती, पोटात पुरणपोळी होती. उत्तमनं मागून विचारलं, "दाजी, बिल्ला कधी मिळणार?" मी मान पूर्ण मागं वळवून त्याला सांगायला लागलो, की दहा वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडासुद्धा नाही. 'ओरखडा' हा शब्द तोंडात असतानाच आम्ही चरीत गेलो.

मला त्यानंच उचललं. आणि माझा चेहरा बघून तोच म्हणाला, "दाजी, कुणी विचारलं तर मी चालवत होतो म्हणून सांगा. दोन महिन्यांवर तुमचा बिल्ला आलाय. डेपोत हसतील. माझं काय, मी चार दिवसांनी वर जाणार."

त्यानं मला एवढंसं खोटं दिलं होतं. मी ते खाऊपिऊ घालून मोठं केलं. बिडी माझी, दारूही माझीच. आणि त्याहून वाईट सांगतो. इतक्यांदा सांगितल्यावर मला ते तसंच दिसायला लागलं होतं, उत्तम पुढं आणि मी मागं. मघाशी मी चिडून सुई ओढली ना, तेव्हा मी नाटक करत नव्हतो. मला खरोखर राग आला होता.

"मसूरच्या पाहुण्यांनी नकार कळवला," मामी म्हणाल्या. "उत्तमसाठी बोलणी चालली होती. मुलगा पिऊन गाडी चालवतो, असं त्यांच्या कानावर गेलं म्हणे. तो थेंबाला शिवत नाही. त्याचा बाप काय करायचा ते त्यानं बघितलंय."

"तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग जन्मभर ते 'नाही' धरून बसला असता. म्हटलं, आधी हात सुटू दे." त्यांनी गुंडा माझ्यासमोर ठेवला. "ओळी परत घाला. बोटाचे टाके सात आहेत. मोजायला चुकू नका."

ते बोट दोन दिवस चाललं. सात टाक्यांवर तीन टाके नव्यानं घालून अंगठ्याएवढी नळी विणायची. ज्याला हे सोपं वाटतं त्यानं करून बघावं. मामी दिवसभर शेजारी बसल्या, पण एकदाही टोमणा मारला नाही. तो त्रास जास्त झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालन तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"शालन, गाडी मी चालवत होतो."

"कुठली गाडी?"

"यात्रेची."

तिनं दोन खडे काढले. मग हात थांबला.

"आईला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि उत्तम?"

"त्यानंच सांगितलं, माझं नाव घ्या म्हणून. दारूचं मात्र मी घातलं."

ती ताट घेऊन आत गेली. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, भाजीत मीठ नव्हतं, आणि भातावर तूपही आलं नाही. मामींनी निमूटपणे सगळं खाल्लं आणि वर आमटी मागून घेतली. मीही मागून घेतली. त्या घरात आज काय अळणी आहे हे बोलण्याचा अधिकार मला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोजे आटवायचे होते. मामींनी अंगणात घंगाळं मांडायला लावलं. त्यात हात जेमतेम सोसेल इतकं कढत पाणी, त्यात किसलेला धुण्याचा साबण, आणि त्यात माझे दोन अवाढव्य मोजे. मी हात घालून चोळायला लागलो. चोळायचं, पिळायचं, दगडावर आपटायचं, पुन्हा कढत पाण्यात. अर्धा तास झाला. मोजे भिजून आणखी मोठे दिसायला लागले.

"जोर लावा," मामी म्हणाल्या.

"लावतोय."

"हा जोर? यानं तर मेंढी झोपी जाईल."

तेवढ्यात शालन बाहेर आली. कालपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पदर खोचून, धोपटणं घेऊन ती सरळ दगडापाशी आली, मला कोपरानं बाजूला सारलं, आणि तिनं पहिला तडाखा हाणला. साबणाचे शिंतोडे मुलाणीच्या खिडकीपर्यंत गेले.

"मी त्याला काय पत्र लिहिलं माहीत आहे?" तडाखा. "राखीच्या ऐवजी." तडाखा. "लिहिलं, माझ्या नवऱ्याचा हात मोडून साधी माफी मागायला आला नाहीस." तडाखा. "लिहिलं, परत माझ्या दारात उभा राहू नकोस." तडाखा. "आणि तो मेला काही कळवेना. एका अक्षरानं कळवलं नाही त्यानं."

मी कढत पाणी ओतत राहिलो. माझ्याकडे तेवढंच काम उरलं होतं. मुलाणी खिडकीत उभा होता, आणि डेपोतल्या माझ्या सगळ्या हकिकतींचा श्रोता आता ही शेवटची फुकटात ऐकत होता. मी त्याला आत जा म्हणालो नाही.

शालननं दोन्ही मोजे असे बडवले की मामींना तिचा हात धरावा लागला. "पुरे, नाहीतर बाळाला होतील." मग गार पाण्यातून काढून मामींनी मला ते हातात घालायला लावले. मी बघतच राहिलो. बैलाची मुसकी गेली होती. माझ्या हातावर जाड, मऊ, एकही टाका न दिसणारा मोजा होता, आणि त्यातून एक बोट वेगळं वर आलेलं. मी ते वाकवलं. माझी चारही बोटं आतल्या आत वळली, करंगळीसकट.

"बोर्डाला पास आहात," मामी म्हणाल्या.

"उद्या आधी मसूरला जायचंय," शालन म्हणाली. धोपटण्याशिवाय तिनं माझ्याशी केलेलं दोन दिवसांतलं ते पहिलं बोलणं.

मसूरचे दिनकरराव थोरात म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. बाकावर बसवून त्यांनी माझी हकिकत पूर्ण ऐकून घेतली आणि मग चौकशी सुरू केली.

"म्हणजे मुलगा प्यायला नव्हता."

"नाही."

"तुम्ही प्यायला होता?"

"नाही."

"मग सरळ रस्त्यावर गाडी चरीत कशी जाते?"

"मागं वळून बढाई मारत होतो."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. शाळेत त्यांनी असे बरेच बघितले असावेत.

"मुलीचं गेल्याच आठवड्यात कऱ्हाडला ठरलं," ते म्हणाले. "तुम्ही आलात हे बरं केलंत. महिनाभर आधी आला असता तर जास्त बरं केलं असतं. चहा घ्या."

परतताना एसटीत शालन खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी.

बोर्डात मी पास झालो. त्याच दिवशी बिल्ला परत करायला साहेबांकडे गेलो. सगळं ऐकून साहेब म्हणाले, "मोटारसायकल महामंडळाची होती का? नाही ना? मग माझा वेळ खाऊ नका, उद्या पहिल्या गाडीला या." प्रायश्चित्तसुद्धा धड मिळालं नाही. तेवढं काम मुलाणीनं केलं. पुढची दोन वर्षं कुठल्याही गाडीत मी मागं वळून बघितलं की तो ओरडायचा, "जगदाळे, पुढं बघा."

मोज्यांचं पार्सल दिवाळीआधी गेलं. शालननं आपलं पत्र डाव्या मोज्यात सरकवलं, ते मला वाचायला दिलं नाही. मला म्हणाली, "तुम्हाला काही लिहायचं असेल तर उजव्यात घाला." मी चार कागद फाडले आणि शेवटी लिहिलं, 'उत्तम, मी सगळ्यांना खरं सांगितलं. मसूरलाही जाऊन आलो, पण उशीर झाला. मोजे मी विणलेत. पोपट.' मामी तोवर आपल्या गावी परतल्या होत्या. जाताना ट्रंक आमच्याकडेच ठेवून गेल्या. म्हणाल्या, अजून पायमोजे आहेत.

मार्गशीर्षात उत्तमचं पत्र आलं. शालननं मोठ्यानं वाचलं.

'दाजींना नमस्कार. मोजे मिळाले. उजवा अगदी हाताबरोबर बसतो, डावा जरा ढगळ आहे, पण आतून दुसरा घालता येतो. घोड्याचं बोट बघून आमचे सुभेदारसाहेब विचारत होते कुणी केलं. मी सांगितलं, आमचे दाजी ड्रायव्हर आहेत. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. ताईचं पत्र मिळालं. तिला म्हणावं, राखी पुढच्या वर्षी दोन पाठव. आणि मसूरचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती मुलगी मला पहिल्यापासून पसंत नव्हती. आईला सांगायचा धीर होत नव्हता. तुम्ही परस्पर मोडलंत, माझी सुटकाच झाली.'

माझा जीव भांड्यात पडला. गेले दोन महिने मी जो दगड छातीवर घेऊन गाडी चालवत होतो, तो या चार ओळींनी उतरवला. मी हसलोसुद्धा.

"बघ," मी म्हणालो, "त्याला ती नकोच होती."

शालननं पत्राची घडी घातली. यात्रेच्या आदल्या दिवशी उत्तम तिच्या मागं लागला होता, ताई, तू एकदा मसूरला जाऊन मुलीशी बोलून ये, तिला मी आवडलो का विचार. हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं नाही, त्यानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी, पत्र हातात धरून, ती एवढंच म्हणाली,

"दुसऱ्यांदा."

"काय दुसऱ्यांदा?"

"तुमच्यासाठी खोटं बोलला तो," ती म्हणाली, आणि आमटीला फोडणी द्यायला आत गेली.